आईच्या मनगटावरचा बँड: आकडे का चुकतात आणि काय करायचं

प्रश्न: आई ७१ वर्षांची आहे, ठाण्याला नौपाड्यात एकटी राहते. मी ऐरोलीला. तिला तीनेक हजारांचा फिटनेस बँड घेऊन दिला. रोज सकाळी ती कचराळी तलावाला फेऱ्या मारते. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. बँडवर पावलं एक दिवस नऊ हजार, तर दुसऱ्या दिवशी दोन हजार. चालताना नाडी ११८ वर अडकून बसते. माझ्या फोनवर काहीच दिसत नाही. ती पडली तर मला कळेल का? शिवाय सुई न टोचता साखर दाखवणारं घड्याळ मिळतंय, ते घेऊ का?

उत्तर:

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात पैशांपेक्षा मोठं नुकसान होऊ शकतं. साखर दाखवणारं ते घड्याळ घेऊ नका. औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा घड्याळांबद्दल आणि अंगठ्यांबद्दल जाहीर इशारा दिला होता. त्वचेला न टोचता स्वतः साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, हेही त्यांनी त्यात स्पष्ट केलं. साखर सतत मोजणारे खरे सेन्सर वेगळे असतात. दंडावर चिकटवायचे, केसाएवढा बारीक तंतू त्वचेखाली जाणारे, साधारण १४ दिवस चालणारे. त्यांचा आकडा घड्याळावर दिसू शकतो, पण मोजमाप दंडावरच्या सेन्सरचं असतं. घड्याळावरचा खोटा आकडा बघून कोणी नको तेव्हा इन्शुलिन किंवा साखरेची गोळी घेतली, तर साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

बीपीचंही जवळपास तसंच. मनगटावर हिरवा दिवा लावून बीपी दाखवणारी स्वस्त घड्याळं बहुतेक अंदाज दाखवतात. तुमच्या शंकेपुरती एक चाचणी घरीच करा: टॉवेलची घट्ट गुंडाळी करा, तिच्यावर घड्याळ बांधा आणि मोजायला लावा. पुष्कळ स्वस्त घड्याळं टॉवेललाही १२१/७८ च्या आसपास बीपी आणि ७२ नाडी दाखवतात. टॉवेलवर नाडी दिसली म्हणजे नाडीचा सेन्सर वाईट असं लगेच म्हणता येत नाही, कारण परतलेल्या प्रकाशात काहीतरी लय शोधणं हेच त्याचं काम. चांगली उपकरणंही कधीकधी फसतात. टॉवेलचं बीपी मात्र कुठल्याच प्रामाणिक उपकरणाने दाखवू नये. काही नामांकित घड्याळांत बीपीची सोय असते, पण तिला आधी दंडाच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं आणि ही जुळवणी दर चार आठवड्यांनी नव्याने करावी लागते. ज्यांची गोळी चालू आहे त्यांनी दंडावर बांधायचं यंत्रच वापरावं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, हात छातीच्या पातळीला. मिनिटभराच्या अंतराने दोन वेळा. त्याची नोंद वहीत.

आता तुमच्या बँडकडे वळू. तीन हजारांचा बँड या कामाला पुरतो. तक्रारींपैकी निम्म्या मनगटावर सुटतील, उरलेल्या फोनमध्ये.

पावलांपासून सुरुवात करू. बँडमध्ये तीन दिशांचा वेग-बदल मोजणारी चिप असते. तिला पाय दिसत नाहीत. मनगटाचं हलणं आणि प्रत्येक पावलाला अंगातून वर येणारा हलकासा दणका, एवढंच तिला कळतं. त्यात ठरावीक लय सापडली की ती पावलं धरते. एखाददुसरा झटका पाऊल म्हणून मोजला जाऊ नये म्हणून बहुतेक बँड सलग आठ-दहा पावलांची लय मिळेपर्यंत थांबतात आणि मग मागची पावलं एकदम जोडतात. म्हणून ओट्यापासून फ्रिजपर्यंत, फ्रिजपासून देवघरापर्यंत अशी चार-पाच पावलांची ये-जा दिवसभर झाली तरी बँडवर फारशी उमटत नाही. स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईचे आकडे त्यामुळे नेहमी कमी येतात. त्यांचे कष्ट कमी असतात म्हणून नव्हे.

कमी मोजण्याची आणखी कारणं तुमच्या आईंना नेमकी लागू आहेत. गुडघे दुखत असले की माणूस हळू चालतो, पाऊल छोटं पडतं, टाच जोरात टेकत नाही. दणका एवढा मऊ होतो की चिपच्या नजरेतून निसटतो. हात स्थिर असला तरी तेच होतं: पिशवी धरलेली, छत्री धरलेली, पदर सावरलेला, जिन्याचा कठडा धरलेला, मैत्रिणीचा हात धरलेला. गावदेवी बाजारातून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन घरापर्यंत चालत आलं, तर त्या चालण्यातली बरीच पावलं गायब होऊ शकतात. वॉकर किंवा मॉलमधली ट्रॉली ढकलताना तर मनगट जवळपास हलतच नाही.

जास्त मोजण्याचा मासला उलटा. पोळ्या लाटणं, कणीक मळणं, भजनात टाळ्या किंवा झांजा, कपडे घासून धुणं, खड्ड्यांतून जाणारी रिक्षा. या सगळ्यांत लय असते आणि बँड तिला चालणं समजतो. लोकलमध्ये उभं राहून थोडी पावलं वाढतात, पण रिक्षाइतकी नाही. आपल्याकडचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते तुम्हाला माहीत आहे. कुठे किती भर पडते ते पाहायचं असेल तर रिक्षात बसताना आणि उतरताना आकडा टिपून ठेवा, दोन-तीन वेळांत अंदाज येतो.

नऊ हजार आणि दोन हजार एवढी तफावत मात्र नुसत्या पोळ्यांनी होत नाही. आधी हे बघा की दोन हजार कुठे दिसले: बँडच्या पडद्यावर की फोनच्या अ‍ॅपमध्ये? दोन्हीकडचे आकडे रात्री नऊला शेजारी ठेवून वाचा. बँडवर साडेपाच हजार आणि अ‍ॅपमध्ये दोन हजार असतील तर मोजणी ठीक आहे, फोनशी जोडणी तुटलेली आहे. त्याचं पुढे सांगतो. दोन्हीकडे दोन हजारच असतील तर त्या दिवशी बँड काही तास काढलेला किंवा चार्जिंग संपून बंद पडलेला होता का, ते आईंना विचारा.

मग दोनशे पावलांची चाचणी करा. हिला फक्त एक सपाट रस्ता आणि सोबत मोजणारं माणूस लागतं. आईंना जागेवर उभं करा, बँडवरचा आकडा लिहा. त्यांना नेहमीच्या चालीने चालू द्या, गप्पा नकोत, तुम्ही शेजारून २०० पर्यंत मोजा. थांबल्यावर १५-२० सेकंद वाट पाहा, कारण पडद्यावरचा आकडा जरा उशिराने बदलतो. फरक दहाच्या आत असेल तर बँड उत्तम आहे. २० पर्यंत चालेल. ४० पावलं खाल्ली असतील तर बँडची जागा बदलून पुन्हा करा. मग तीच चाचणी हातात पिशवी घेऊन एकदा, आणि मैत्रिणीचा हात धरून एकदा. कुठल्या परिस्थितीत किती खातो हे एकदा कळलं की रोजच्या आकड्याने मन खट्टू होत नाही.

अ‍ॅपमध्ये "बँड कुठल्या हातात" ही नोंद असते, ती तपासा. डावा-उजवा चुकला तर काही बँडांची मोजणी बिघडते, आणि मनगट वळवल्यावर पडदा उजळण्याची सोयही नीट चालत नाही. आई ज्या हाताने लाटतात, चिरतात, घासतात, त्याच्या उलट्या हातात बँड ठेवा.

आता बांगड्या. आपल्याकडच्या बायकांना बँड बसवताना हा खरा अडथळा असतो आणि कुठल्याच माहितीपत्रकात तो सापडत नाही. मनगटाच्या हाडावर पाटल्या आणि काचेच्या बांगड्या, त्यांच्या मागे बँड, अशी रचना असते. बांगड्या वर सरकून बँडवर आपटतात, बँड सैल करतात, पडद्यावर ओरखडे पाडतात आणि प्रत्येक आपटण्याचा झटका चिपला बसतो. उपाय दोन. एका हातात फक्त बँड आणि सगळ्या बांगड्या दुसऱ्या हातात, हे आईंना चालत असेल तर सर्वांत सोपं. चालत नसेल तर बांगड्या मनगटावर राहू द्या आणि बँड कोपराच्या दिशेला, बांगड्या वर सरकल्या तरी पोचणार नाहीत इतका, म्हणजे हाडापासून चार-पाच बोटं वर बांधा. तिथे हात जाडसर असतो, त्यामुळे लांब पट्टा लागेल. नाडीसाठी ही जागा मनगटापेक्षा चांगली असते, कारण तिथे मांस जास्त आणि हाड कमी. आईंच्या हातावर गोंदण असेल तर ती जागा टाळा. गोंदणाची शाई बँडचा हिरवा प्रकाश शोषून घेते आणि नाडी येत नाही किंवा भलतीच येते.

बोटं आखडत असतील तर बक्कल आणि छिद्रांचा पट्टा त्यांना एका हाताने लावता येणार नाही. मग त्या तो सैल ठेवतात किंवा एकदा काढला की लावतच नाहीत. वेल्क्रोचा कापडी पट्टा घ्या. घेताना पट्ट्याची रुंदी मिलिमीटरमध्ये बघा; घड्याळांना बहुधा २० किंवा २२ चा लागतो, बारीक बँडांना मात्र त्यांच्या त्यांच्या खाचेचाच पट्टा बसतो.

नाडी ११८ वर अडकते, हा दोष ओळखीचा आहे. बँड हिरवा प्रकाश त्वचेत सोडतो. रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला रक्ताचं प्रमाण बदलतं तसा परत येणारा प्रकाश कमी-जास्त होतो. बँड सैल असला की चालताना तो त्वचेवर उचलला जातो, आपटतो, आणि त्या आपटण्याने परतणारा प्रकाश ठोक्यापेक्षाही जास्त बदलतो. बँड मग ठोक्यांऐवजी पावलं मोजू लागतो. खात्री करायची असेल तर आई चालत असताना ३० सेकंदांत किती पावलं पडतात ते मोजा. ५९ आली तर मिनिटाला ११८ झाली, आणि तुमची ११८ ची "नाडी" कुठून आली ते कळलं. दुसरी खूण: आई थांबल्यावर खरी नाडी सावकाश उतरते, एक-दोन मिनिटं घेते. पावलांवर अडकलेला आकडा थांबताक्षणी ११८ वरून ९० वर उडी मारतो.

यावरचा उपाय स्वस्तातला आहे. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, पट्टा एक छिद्र घट्ट, पण करंगळीचं टोक खाली शिरेल इतपतच. चालून आल्यावर पुन्हा एक छिद्र सैल. बँडच्या खालची काच ओल्या कापडाने पुसा; खोबरेल तेल किंवा क्रीम लावणाऱ्या हातांवर तिथे तेलकट थर बसतो आणि प्रकाश अडतो. चालायला लागण्याआधी दोन मिनिटं "वॉक" सुरू करून ठेवा, म्हणजे शांत नाडी पकडून मग पुढे जाता येतं. डिसेंबर-जानेवारीच्या गार सकाळी हात थंड असले तर आधी दोन्ही तळवे चोळून घ्या. एवढं करूनही शंका राहिली तर अंगठ्याच्या मुळाशी नाडीवर दोन बोटं ठेवून ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ठोके अनियमित लागले, म्हणजे कधी पटपट, कधी गाळून, तर बँडचा दोष समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगून ईसीजी काढा.

बीपीची गोळी कुठली आहे ते बघणं इथे महत्त्वाचं आहे. मेटोप्रोलोल, अटेनोलोल या जातीची असेल तर ती नाडी फारशी वाढू देत नाही. बँडमधले "फॅट बर्न", "कार्डिओ" हे टप्पे २२० वजा वय या सूत्रावर असतात, म्हणजे ७१ साठी कमाल १४९. अशी गोळी घेणाऱ्या माणसाला ते लागू पडत नाहीत. आई दमल्या तरी बँड म्हणेल की व्यायाम झालाच नाही. अ‍ॅमलोडिपिनसारख्या गोळीचा असा दाब सहसा नसतो. दोन्ही प्रकारांत विश्वासाची खूण बोलण्याची: चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, तर वेग योग्य. वाक्य तोडून बोलावं लागतंय तर वेग जास्त. मे महिन्यात ठाण्यातल्या घामट हवेत त्याच वेगाला नाडी आठ-दहा ठोके जास्त राहते. तेव्हाचे आकडे जानेवारीशी ताडून तब्येत खालावली असं ठरवू नका.

किती चालायचं? दहा हजारांचा आकडा १९६५ च्या सुमारास जपानमधल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीतून पसरला. तो वैद्यकीय शिफारस म्हणून सुरू झाला नव्हता. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसाला सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी आढळलं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फायदा जवळपास थांबला. आईंच्या वयाच्या इतक्या जवळचा आकडा दुसरीकडे शोधायची गरज नाही. पहिले सात दिवस काहीच ध्येय ठेवू नका. बँडमध्ये आधीपासून भरलेलं ८,००० किंवा १०,००० चं ध्येय काढून टाका, नाहीतर रोज संध्याकाळी तो हरल्याचं सांगत राहतो. सात दिवसांचे आकडे चढत्या क्रमाने लिहा आणि मधला घ्या. सरासरी घेऊ नका, एका लग्नाच्या दिवसाने ती फुगते. मधला ३,२०० आला तर पुढच्या आठवड्याचं ध्येय ३,५००. मग दर आठवड्याला ३०० ते ५०० ची भर, तीही गुडघ्याला विचारून: चालल्याचा ठणका दुसऱ्या दिवशी सकाळी उठतानाही असेल तर मागच्या आठवड्याच्या आकड्यावर परत या. एकदम चाळीस मिनिटं चालण्याऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे तीन भाग गुडघ्याला मानवतात. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रम सांगते, आणि ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही. त्यातलं दुसरं बँड मोजत नाही म्हणून लोक सोडून देतात. भक्कम खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, ओटा धरून एका पायावर दहा सेकंद. पडणं टाळायला याचाच जास्त उपयोग होतो.

अंतराचा आकडा बघून हुरळू नका. तुमच्या बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नसेल तर तो पावलं गुणिले पावलाची लांबी एवढंच करतो. लांबी तो उंचीवरून धरतो, साधारण उंचीच्या ०.४१ पट. पाच फूट उंचीला हे ६३ सेंटीमीटर होतात. गुडघे दुखणाऱ्या बाईचं पाऊल ५० सेंटीमीटरचंही असू शकतं. मग चार हजार पावलांचे बँड अडीच किलोमीटर दाखवतो आणि प्रत्यक्षात झालेले असतात दोन. सोसायटीच्या आवारात खडूने रेघ मारून २० पावलं चालवा, टेपने मोजा, २० ने भागा आणि अ‍ॅपमध्ये पावलाच्या लांबीची जागा असेल तर तो आकडा भरा. फोनचं जीपीएस वापरणार असाल तर घोडबंदर रोडच्या टॉवरांमध्ये किंवा येऊरच्या दाट झाडीत रेघ वेडीवाकडी येते. उपवनच्या काठाला, वर मोकळं आकाश मिळतं तिथे, ती बऱ्यापैकी सरळ येते.

आता फोन. तुम्हाला काही दिसत नाही याचं सर्वांत नेहमीचं कारण असं, की अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला बँडचं अ‍ॅप मागच्या मागे बंद करतो. आईंच्या फोनमध्ये सेटिंग्जमध्ये जा, अ‍ॅप्समध्ये ते अ‍ॅप उघडा, बॅटरीत निर्बंध काढून टाका. शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी या फोनांत "ऑटोस्टार्ट" किंवा तशा नावाची वेगळी परवानगी असते, ती चालू करा. त्याच पानावर "अ‍ॅप वापरलं नाही तर परवानग्या काढा" अशा अर्थाचं बटण असतं, ते बंद करा. आई स्वतः अ‍ॅप कधीच उघडत नाहीत, त्यामुळे काही महिन्यांनी फोन गुपचूप परवानग्या काढून घेतो आणि घरच्यांना वाटतं बँड बिघडला. ब्लूटूथ, सूचना आणि "जवळची उपकरणं" यांना परवानगी असू द्या. बँड जोडताना फोनच्या ब्लूटूथच्या यादीतून जोडू नका, अ‍ॅपमधूनच जोडा. आधी यादीतून जोडला असेल तर तिथून "विसरा" करून पुन्हा अ‍ॅपमधून. फोनची मोठी अपडेट आल्यावर हे सगळं एकदा तपासायचं.

मोजलेली माहिती बँडमध्ये काही दिवस साठून राहते, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा जोडणी झाली तरी पुरतं. तुमच्या फोनवर तीच दिसायला अ‍ॅपमध्ये कुटुंबाशी किंवा मित्रांशी वाटून घ्यायची सोय असावी लागते. ती नसेल तर एकच खातं दोन फोनांत उघडायच्या फंदात पडू नका. अनेक बँड एका वेळी एकाच फोनला बांधलेले असतात आणि आईंच्या फोनवरून जोडणी सुटते. रविवारी संध्याकाळी त्यांनी आठवड्याच्या पानाचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा. त्यात जोडणी आपोआप होते, आणि आकड्यांवर दोघींचं बोलणंही होतं. मराठी मेसेज बँडवर नीट दिसतात का तेही बघून घ्या. स्वस्त बँडांवर देवनागरीऐवजी चौकोन येतात किंवा जोडाक्षरं फुटतात.

पडल्यावर कळेल का? या बँडने कळणार नाही. त्याचा "एसओएस" असलाच तर तो ब्लूटूथने आईंच्या फोनला सांगतो, फोन मग तुम्हाला. म्हणजे फोन आठ-दहा मीटरच्या आत हवा, चालू हवा, आणि मधे भिंती कमी हव्यात. पडल्याचं स्वतः ओळखणारी घड्याळं वेगळी आणि बरीच महाग. अ‍ॅपल वॉचमध्ये ही सोय २०१८ च्या मॉडेलपासून आहे. सॅमसंग आणि गूगलच्या घड्याळांतही आहे. जोराने पडल्याचं लक्षात आलं की ती कंप देतात, विचारतात, आणि माणूस हलला नाही तर ठरावीक वेळाने मदतीला फोन करतात. अ‍ॅपल वॉच बसवायला घरात कोणाचा तरी आयफोन लागतो. सॅमसंगची नवी घड्याळं अँड्रॉइडवरच चालतात. आणि घड्याळाला स्वतःचं ई-सिम (आतच बसवलेलं सिमकार्ड) नसेल तर तेही शेवटी जवळच्या फोनवरच अवलंबून.

पैसे घालण्याआधी मर्यादा समजून घ्या. ती वेगाने आपटून पडणं ओळखतात. म्हातारी माणसं बरेचदा भिंतीला धरून हळूहळू घसरत खाली बसतात, आणि मग उठता येत नाही. ते घड्याळाला दिसत नाही. दुसरं, पडायची नेहमीची जागा म्हणजे न्हाणीघर, आणि घड्याळ नेमकं तेव्हा काढून ठेवलेलं असतं. तिसरं, रात्री दोनला लघवीला उठताना ते चार्जरवर असतं. म्हणून चार्जिंगची वेळ दिवसाची ठेवा, नाश्त्याची किंवा दुपारच्या मालिकेची. झोपताना घड्याळ हातात.

न्हाणीघरासाठी माझा आग्रह वेगळ्याच वस्तूचा आहे: बिनतारी दारघंटी. पाण्याचा शिंतोडा सोसणारं बटण घ्या आणि ते जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, म्हणजे पडलेल्या माणसाचा हात पोचेल. दुसरं बटण पलंगाशेजारी. घंटी वाजणारा डबा शेजाऱ्यांकडे, त्यांच्या संमतीने. बटण नेहमीच्या उंचीला लावण्याची चूक जवळपास सगळे करतात. दर महिन्याच्या एक तारखेला ते दाबून बघायचं, सेल संपल्याचं एरवी कळत नाही.

फोनमधल्या आपत्कालीन संपर्कात पहिलं नाव तुमचं ठेवू नका. ऐरोलीहून ठाणं ट्रान्स-हार्बर लोकलने अगदी जवळ आहे, पण रात्री अडीचला लोकल नसते. पहिला क्रमांक शेजाऱ्यांचा, दुसरा तुमचा, आणि घराची एक किल्ली शेजाऱ्यांकडे. पोलीस किंवा कुठलीही आपत्ती ११२, रुग्णवाहिका १०८; दोन्ही मोठ्या अक्षरात फ्रिजवर चिकटवा. छातीत दुखणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं यांपैकी काही झालं तर बँडकडे बघायचंच नाही, थेट १०८. घड्याळावरचा ईसीजी ठोक्यांची अनियमितता पकडतो, हार्ट अटॅक पकडत नाही.

झोपेचा एकूण वेळ ढोबळ मानाने घ्या. गाढ झोप, हलकी झोप हे तपशील सोडून द्या. न झोपता स्वस्थ पडून राहिलं तरी बँड त्याला झोप म्हणतो. ऑक्सिजनचा आकडा लागलाच तर बोटाच्या ऑक्सिमीटरने बघा, आणि बँडमधलं रात्रभराचं ऑक्सिजन मोजणं बंद करा. चार्जिंग दोन-तीन दिवस जास्त टिकेल.

पावसाळ्यात पट्ट्याखाली घाम आणि साबण साचून पुरळ येतं. रोज तासभर बँड काढा, मनगट साध्या पाण्याने धुऊन कोरडं करा, रात्री दुसऱ्या हाताला बांधा. पुरळ फक्त धातूच्या बक्कलाखाली असेल तर निकेलची अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता जास्त. "५ एटीएम" (पाण्याचा किती दाब सोसतो त्याची खूण) लिहिलेला बँड पावसाला आणि हात धुण्याला घाबरत नाही. गिझरचं कढत पाणी, वाफ आणि साबण यांनी मात्र त्याचे रबरी सांधे सैल होतात. चार्जरच्या पितळी टोकांवर हिरवट-काळा थर दिसला तर मऊ टूथब्रशने घासा, आणि ओल्या टोकांनी चार्जिंगला लावू नका. टोकं गंजतात ती यामुळेच. नवा बँड किंवा चार्जर घ्यायची वेळ आली तर त्यावरचा R ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या "बीआयएस केअर" अ‍ॅपमध्ये घालून बघता येतो.

महिन्याभराने डॉक्टरांकडे जाल तेव्हा चार आठवड्यांच्या पावलांचे मधले आकडे, सकाळी उठल्या उठल्या घेतलेली नाडी आणि दंडाच्या यंत्राच्या बीपीची वही, एवढंच न्या. बसल्या जागी नाडी सतत १०० च्या वर किंवा ५० च्या खाली राहत असेल आणि बोटांनी मोजूनही तीच येत असेल, तर महिना थांबू नका. सोबत चक्कर किंवा धाप असेल तर त्याच दिवशी दाखवा. आणि दोनशे पावलांच्या चाचणीत तिन्ही वेळा चाळीसहून जास्त फरक आला, तर बँड घोट्याला बांधून तीच चाचणी एकदा करा. सावकाश चालणाऱ्यांची पावलं तिथे पुष्कळदा नीट पकडली जातात. नाडीचा आकडा तिथे धरू नका; चालण्यापुरता बँड घोट्याला, बाकी वेळ हाताला.